पट फिरवणारे ग्यानोबाकाका

आमचे शेजारी ग्यानोबाकाका सूर्यवंशी बुद्धिबळात जिंकायला लागले की पट फिरवायचे. रागानं उधळायचे नाहीत हं. दोन्ही हातांनी पट अलगद धरायचा, एकही सोंगटी न पाडता सावकाश उलटा फिरवायचा आणि समोरच्याला म्हणायचं, “आता माझं तुम्ही घ्या, तुमचं मला द्या. चालू द्या.” म्हणजे त्यांचा जिंकत आलेला डाव तुमचा आणि तुमचा बुडालेला त्यांचा. तुम्हाला वाटतं, चला, देव पावला. तासाभरानं बघावं तर काकांनी तोच बुडालेला डाव वर काढलेला असतो आणि तुम्ही परत हरायच्या बेतात असता. परत पट फिरतो.

शेवटी जिंकलं कोण, हे विचारायची सोय नव्हती. शेवट व्हायचाच नाही. कुणाच्या घरून बोलावणं आलं, कुणाची ड्युटी लागली की डाव तिथंच राहायचा. गल्लीत काकांनी कुणावर मात केली असं मी कधी ऐकलं नाही, आणि काकांवर मात करणारं तर लातुरात कुणी नव्हतंच.

यावर सगळ्या गल्लीचं एकच मत होतं की म्हातारा माजलाय. माझंही तेच होतं. त्यांच्या भिंतीला आमची भिंत लागून होती, त्यामुळे माझं जरा जास्तच पक्कं होतं.

मी मूळची नांदेडची. गोदावरीच्या काठी वाढलेली. पाणी मोजून वापरायचं असतं हे मला लातूरला आल्यावर कळलं. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांसाठी कुठून कुठून माणसं बदलून आली. आमचे हे ट्रेझरीत. त्यांचं ऑफिस एका आडत्याच्या रिकाम्या गोदामात थाटलेलं होतं, फायलींना तुरीच्या डाळीचा वास यायचा. मला एका शाळेत नोकरी लागली. सगळं जमलं, फक्त पाऊस जमला नाही. त्यानं लागोपाठ दगा दिला. विहिरी आटल्या, नळ नुसते फुसफुसायला लागले आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर यायला लागला. पाण्याची किंमत एवढी चढली की आमच्या दूधवाल्याला दुधात घालायला परवडेना. त्या वर्षी लातुरात जेवढं घट्ट दूध प्यायले तेवढं आयुष्यात प्यायले नाही.

अशा दिवसांत, एका शनिवारी सकाळी, शेजारच्या ओट्यावरून सुभद्राकाकूंचा आवाज आला.

“काय करायलाव तुम्ही?”

“घोडे धुवायलो.”

“हितं माणसाच्या घशाला कोरड पडायली अन् ह्यांना घोडे धुवायचे सुचायले.”

“फुलपात्रभर पाणी हाय सुभद्रे. तेच पाणी कढीपत्त्याला घालतो.”

“घोडे झाले की हत्ती धुवा. मग उंट धुवा. टँकर तुमच्या जनावरांसाठीच येतोय.”

मी डोकावून बघितलं. ओट्यावर गोणपाट टाकून उंच, वाळके, पांढऱ्या मिशांचे काका एकेका सोंगटीला ओल्या फडक्यानं पुसत होते, अगदी कानामागं वगैरे. मला बघून म्हणाले, “नांदेडच्या बाई न्हवं तुम्ही? तुमच्याकडं नदी हाय. तुम्हाला हसू येणारच.” मला खरोखरच हसू आलं होतं. ते त्यांनी मिशीआडून ओळखलं याचा मला राग आला.

काका एसटीत कंडक्टर होते. मी ओळखायला लागले तेव्हा रिटायर झाले होते, पण कंडक्टरकी गेली नव्हती. प्यादं पुढं ढकलताना “पुढं सरका, पुढं सरका” म्हणायचे. बरोबरीच्या सोंगट्या मारामारीनं काढायच्या असल्या की “चला, सुट्टे करून घेऊ.” शह द्यायचा झाला तर तोंडानं “टिंग”, बास. आणि समोरचा फार वेळ विचार करत बसला की मांडी बदलत म्हणायचे, “बसा बसा, खोळंबा न्हाई. मुक्कामी गाडी हाय आपली.” मुक्कामी गाडी म्हणजे जी शेवटच्या गावाला रात्री थांबते आणि पहाटे परत निघते. खेळ त्यांना तिथंच लागला. उदगीरच्या एका ड्रायव्हरनं गाडीच्या मागच्या सीटवर पट मांडून त्यांना शिकवलं. पुढं तो ड्रायव्हर मागं पडला आणि काका तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायला लागले. जुन्या जिल्ह्यात, लातूर वेगळं व्हायच्या आधी, वर्षानुवर्षं त्यांनी परक्या खेळाडूंना सरळ हरवत शेवटची फेरी गाठली होती. ती मात्र एकदाही जिंकले नव्हते. ते का, ते पुढं येईलच.

खेळायला त्यांना कुणीही चालायचं. टँकर भरत असला की टँकरवाला, पत्र टाकायला आलेला पोस्टमन, वीज मंडळाचा वायरमन. एकदा दाढी करायला आलेल्या न्हाव्याला त्यांनी अर्ध्या दाढीवर पटाशी बसवलं. न्हाव्याला घोडा अडीच घरं चालतो एवढंच ठाऊक. तरी काकांनी तीनदा पट फिरवून त्याला दुपारपर्यंत बसवलं. त्या दिवशी काका डाव्या बाजूनं कंडक्टर आणि उजव्या बाजूनं साधू दिसत होते, आणि तसेच जाऊन गिरणीतून दळण आणलं.

आमच्या ह्यांची गोष्ट तर मी कुणाला सांगू नये असं त्यांचं म्हणणं आहे, म्हणून सांगते. हे कॉलेजात बुद्धिबळाचे चँपियन होते. निदान लग्नाआधी मला तसं सांगण्यात आलं होतं. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात काकांनी ओट्यावरून हाक मारली, “साहेब, या की जरा.” हे गेले. मी भाकरी टाकायला घेतल्या. पहिली भाकर झाली तेव्हा हे हरत होते. काकांनी पट फिरवला, ह्यांचा चेहरा उजळला. पिठलं झालं तोवर हे परत हरत होते. परत पट फिरला. पिठल्यावर साय धरली, मी दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा आमच्या पोरीला पाठवलं, तेव्हा हे उठले. एकाच डावात दोन्ही बाजूंनी हरलेला ट्रेझरीतला बहुधा पहिलाच माणूस. जेवताना म्हणाले, “हा अपमान आहे. हरवायचं तर सरळ हरवा ना.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले आणि चहा न पिता ओट्यावर जाऊन बसले.

तुम्हाला वाटेल काकांचं घर रिकामं असेल. छे. घर नुसतं गजबजलेलं. दोन मुलं, दोन सुना, नातवंडं, एक कायमची माहेरी आलेली बहीण. सगळे त्यांची सेवा करायचे, वेळेवर ताट, वेळेवर गोळी. पण खेळायचं एकालाही येत नव्हतं. थोरल्याला त्यांनी लहानपणी शिकवायला घेतलं तर त्यानं वजीर विहिरीत टाकला. अजूनही त्या पटावरचा काळा वजीर म्हणजे औषधाच्या बाटलीचं बूच आहे. काकूंना विचारलं, “तुम्ही का नाही शिकलात?” तर म्हणाल्या, “मला कशाला शिकायला लागतंय? मी तर तसंच रोज हरवते.”

आता अप्पा.

शिवलिंगअप्पा बिराजदार निलंग्याचे. कर्नाटक तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बोलण्यात ‘री’ यायचं. आडतीचं दुकान, पांढरं धोतर, कपाळाला भस्म, आणि तोंडात बोलणं एवढं कमी की दुकानात भाव बोटांनी सांगायचे म्हणे. हा माणूस काकांना दर वर्षी शेवटच्या फेरीत हरवायचा. कधी बरोबरी व्हायची, पण बरोबरी झाली तर आधीच्या फेऱ्यांच्या गुणांवर अप्पाच पुढं असायचे. वर्षातून एकदा, स्पर्धेच्या दिवशी, एवढीच काय ती त्यांची गाठ. एकमेकांच्या घरी कधी गेले नाहीत. डाव संपला की अप्पा उठायचे, “येतो री,” म्हणायचे आणि निलंग्याची गाडी धरायचे. काका वर्षभर त्या डावावर बोलायचे.

“हितं हत्ती मागं घ्यायला पायजे व्हता मी,” मला भाजी निवडताना सांगायचे. मला हत्तीचं पुढचं-मागचं तोंड कळत नव्हतं. पण ऐकून ऐकून मी शिकले. माणूस भिंतीपलीकडून रोज बोलत असेल तर काहीही शिकता येतं.

अप्पांबरोबर खेळताना पट फिरवायची पाळी काकांवर कधी आलीच नव्हती, हे ध्यानात ठेवा. जिंकायला लागले तर फिरवतील ना.

तर नवा जिल्हा झाला आणि सगळं काही जिल्हास्तरीय व्हायला लागलं. कबड्डी जिल्हास्तरीय, भजन जिल्हास्तरीय, पाककृती जिल्हास्तरीय. ती तर दुष्काळामुळे कोरड्या चटण्यांचीच घेतली. बुद्धिबळाची पहिली जिल्हा स्पर्धा आमच्या शाळेच्या हॉलमध्ये ठरली. जिंकणारा विभागाच्या स्पर्धेला नांदेडला जाणार होता. मी लगेच आईला कळवून टाकलं की आमचे शेजारी येतील, त्यांना उतरवून घे. काकांनी मला थांबवलं नाही. उलट विचारलं, “तुमच्या घरापासून नदी किती लांब हाय बाई?”

स्पर्धेच्या आधी निलंग्याच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर काकांना भेटायला आला आणि जाता जाता सांगून गेला. अप्पांचं दुकान बंद झालं होतं. शेतात काही पिकलंच नाही तर आडतीला येणार काय? मुलगा सोलापूरला असतो, अप्पा तिकडं कायमचे चालले. ही स्पर्धा खेळून जाणार.

त्या संध्याकाळी ओट्यावर पट मांडला गेला नाही. टँकरवाला स्वतःहून येऊन बसला, काका म्हणाले, “आज न्हाई रे.” काकूंनी मला दाराशी गाठून हळूच विचारलं, “बाई, यंदा हे हरले तर पुढल्या साली हरणार कुणाकडून?” मला हसावं की काय करावं कळेना. काकू हसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच आमच्या दाराशी आले. म्हणाले, “बाई, एकदा तरी अप्पावर मात करायची हाय. जिंदगीत एकदा. ह्या खेपेला न्हाई झाली तर मग न्हाईच.” एवढं सरळ ते कधी बोलत नसत. मग चार दिवस त्यांनी जुने डाव परत परत मांडले. कुणाला बोलावलं नाही, पट फिरवला नाही, सोंगट्या धुतल्या नाहीत. काकूंनी आपणहून फुलपात्रभर पाणी आणून ठेवलं तरी नाही.

स्पर्धेला गावागावांतून खेळाडू आले, अपेक्षेपेक्षा कमी. बाहेरून पंच आले होते. सफारी सूट, बगलेत नियमांचं पुस्तक, आणि चेहरा असा की हसण्याचा नियम त्या पुस्तकात नसावा. आमच्या हेडसरांनी माठाजवळ शिपाई बसवला, एका खेळाडूला एका फेरीला एक पेला. बक्षिसाची ढाल जुनीच होती. तिच्यावरच्या जुन्या जिल्ह्याच्या नावावर ‘लातूर’ अशी पितळेची नवी पट्टी ठोकली होती, जरा तिरपी.

मला काम दिलं फळ्याचं. खडूनं फळ्यावर चौसष्ट घरं आखायची आणि मुख्य डावात जी चाल होईल ती पुसून लिहून मागच्या लोकांना दाखवायची. पांढऱ्या खडूनं काकांच्या सोंगट्या, पिवळ्यानं अप्पांच्या. घोड्याला मी ‘घो’ लिहिलं, हत्तीला ‘ह’. प्याद्याला ‘प्या’ लिहिलं तर मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, माठाकडं शिपाई बसलाय.”

शेवटच्या फेरीला काका आणि अप्पा समोरासमोर आले. आधीच्या फेऱ्यांतला अप्पांचा अर्धा गुण जास्त. बरोबरी झाली तरी अप्पाच पुढं, म्हणजे काकांना जिंकल्याशिवाय सोय नव्हती. नमस्कार झाला. अप्पांनी चपला काढून टेबलाखाली ठेवल्या, चष्मा पुसला, आणि पंचांनी घड्याळ सुरू केलं.

मी तुम्हाला सगळा डाव सांगत नाही, सगळा मलाही कळला नव्हता. अप्पा तराजूत धान्य टाकल्यासारखी चाल करायचे, थोडं, आणखी थोडं, आणि हात मागं. काका नेहमीचे नव्हते. “पुढं सरका” नाही, “सुट्टे करू” नाही. ओठ घट्ट मिटलेले. दुपार झाली, बाकीचे डाव संपले, सगळे येऊन माझ्या फळ्यापुढं जमले. मग काकांनी एकाएकी आपला हत्ती एका साध्या प्याद्यावर घातला. हॉलमध्ये कुजबुज उठली. आमचे हे रजा टाकून आले होते, ते डोक्याला हात लावून म्हणाले, “गेला.” अप्पांनी बराच वेळ बघून तो हत्ती मारला. मला पांढरा ‘ह’ पुसताना वाईट वाटलं. पण मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात यायला लागलं. हत्ती गेला होता आणि त्याच्या बदल्यात काकांच्या कडेच्या प्याद्याला वाट मोकळी झाली होती. ते एकेक घर वर चढत गेलं. अप्पांचा राजा पलीकडच्या कोपऱ्यात अडकलेला. मी ते ‘प्या’ पुसायचे आणि एक घर पुढं लिहायचे, पुसायचे आणि लिहायचे, आणि खडू माझ्या हातात ओला झाला. शेवटी एकच घर उरलं. तिथं पोचलं की त्याचा वजीर, आणि मग मात कुणीच टाळू शकत नव्हतं.

चाल अप्पांची होती. त्यांनी पटाकडं बघितलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि चष्म्याच्या डबीत घातला. टेबलाखाली त्यांचा पाय चपला चाचपायला लागला. हात आपल्या राजाकडं निघाला, त्याला आडवा करायला. राजा आडवा केला की डाव सोडला.

आणि काकांनी दोन्ही हातांनी पट धरला आणि फिरवला.

एकही सोंगटी पडली नाही. सवयीचे हात होते. अप्पांच्या पुढं काकांचे पांढरे आले, एका घरावर वजीर होणारं ते प्यादं घेऊन, आणि काकांच्या पुढं अप्पांचा कोपऱ्यातला राजा. मी खडू धरून उभी. पट फिरला, पण आता फळा कसा फिरवायचा?

पंच ताडकन उठले आणि त्यांनी घड्याळ थांबवलं. “हे काय चाललंय?”

काका स्वतःच्याच हातांकडं बघत होते. म्हणाले, “चुकून झालं साहेब. हाताला सवय हाय.”

“सवय? ही जिल्ह्याची स्पर्धा आहे.” पंचांनी पुस्तक उघडलं. सोंगटीला हात लावण्याचा नियम होता, घड्याळाचा होता, बोलण्याचाही होता. पट फिरवण्याचा नव्हता. पुस्तक लिहिणारा कधी आमच्या गल्लीत आला नव्हता, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पानं चाळून पंच म्हणाले, “हा डाव तुम्ही सोडला असं मी धरू शकतो. समोरच्यांची हरकत असेल तर डाव त्यांना जाईल.”

सगळे अप्पांकडं बघायला लागले. अप्पांनी नुसती मान हलवली असती तरी ढाल त्यांची, नांदेड त्यांचं, आणि सूर्यवंशीकडून कधीच न हरल्याचा मान घेऊन सोलापूरला गेले असते. काकूंना मी त्या दिवशी हॉलच्या दाराशी पदर दातांत धरून उभं राहिलेलं पाहिलं.

अप्पांनी मान हलवली नाही. त्यांनी विचारलं, “सूर्यवंशी, तुम्ही ओट्यावर सगळ्यांचाच पट फिरवता म्हणं?”

“व्हय.”

“का ओ?”

मला वाटलं काका आता नेहमीसारखं काहीतरी फिरकीचं बोलतील. ते खाली बघूनच, आमच्यासारख्या चार जवळच्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, “हरायला लागला की माणूस चपला शोधतो, अप्पा. जिंकायला लागला की बसतो.”

मला एकदम न्हावी आठवला, टँकरवाला आठवला, पिठलं गार करून ओट्यावर बसलेले आमचे हे आठवले. एवढी वर्षं आम्ही सगळ्यांनी त्या माणसाला माजलेला ठरवून टाकलं होतं. मला फार लाज वाटली आणि फार मायाही वाटली.

अप्पांनी टेबलाखाली बघितलं. एका पायात चप्पल गेली होती. त्यांनी पाय बाहेर काढला, दोन्ही चपला पायानं भिंतीकडं लांब सारल्या, आणि मांडी घातली. खुर्चीवर, चक्क. मग पट धरून स्वतः सरळ केला. त्यांना सवय नव्हती, एक उंट पडला, तो उचलून जागेवर ठेवला.

“मी राजा पाडत न्हाई,” अप्पा म्हणाले. “तुम्ही मात करा. मी उठत न्हाई री.”

पंचांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, पुस्तक मिटलं आणि घड्याळ सुरू केलं. अप्पांनी चष्मा परत घातला आणि राजाला उरलेली एकच चाल केली. काकांचं प्यादं शेवटच्या घरात गेलं. त्याचा वजीर झाला. अप्पांनी आणखी एक चाल केली, करायची म्हणून. काकांनी वजीर उचलला, घरात ठेवला आणि बोटानं नीट मधोमध सरकवला. “मात,” ते म्हणाले. इतक्या हळू, की पंचांनी वाकून विचारलं, “काय म्हणालात?”

“मात झाली साहेब,” अप्पांनीच सांगितलं. “चांगली झाली.”

टाळ्या पडल्या. हेडसर भाषणाला उभे राहिले, पण विजेता उठेना आणि हरलेलाही उठेना. अप्पा सोंगट्या परत पहिल्यापासून मांडत होते. शेवटी हेडसरांनी ढाल टेबलापाशी नेऊन दिली. काकांनी ती बघितलीही नाही, मांडीवर ठेवली आणि प्यादं पुढं सारलं. “पुढं सरका,” असं ते म्हणाले, ते मात्र मी ऐकलं. हॉलला कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा शिपायानं आणि मी ते टेबल तसंच उचलून व्हरांड्यात नेलं. शिपायानं आपणहून दोन पेले पाणी जास्तीचं दिलं आणि हेडसरांनी तिकडं पाहिलं नाही.

नांदेडचं सांगून टाकते, नाहीतर तुम्ही विचाराल. तिथं काका दुसऱ्याच फेरीत हरले. त्यांना त्याचं काही नव्हतं. दोन दिवस माझ्या आईकडं राहिले, सकाळ-संध्याकाळ नदीवर जाऊन बसले आणि आईला घोड्याची चाल शिकवून आले. आईनं नंतर मला विचारलं, “अगं, ते मधेच पट का फिरवतात?”

पण ते नंतरचं. स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी काका अप्पांना निलंग्याच्या शेवटच्या गाडीत बसवून घरी आले. तोवर ओट्यावर गल्ली जमली होती. मुलांनी पेढे आणले होते. ढाल सगळ्यांच्या हातांतून फिरत होती. टँकरवाला म्हणाला, “काका, अप्पाचं तोंड कसं झालं व्हतं मात झाल्यावर?”

काका पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, “अप्पा उठले न्हाईत.”

“अन् पंच लई तापला व्हता म्हणं?”

“अप्पा उठलेच न्हाईत रे.”

पोस्टमननं नांदेडला कधी जायचं ते विचारलं. मुलानं ढाल कुठं टांगायची ते विचारलं. मग त्यांना गर्दीत मी दिसले.

“बाई, तुम्ही फळ्यापाशी व्हता. तुम्ही बघितलंत न्हवं? हरून सुद्धा बसून राहिले.”

“बघितलं काका,” मी म्हणाले.

काकूंनी आतून चहा आणला. दुष्काळातला, नुसत्या दुधाचा. काकांनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी हातात घेऊन बराच वेळ हसत बसले.